सुनंदाचा पासपोर्ट: मासवण, तारापूर आणि बोईसरचे दोन दिवस

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी दिवाळीचा उरलेला चिवडा डब्यात भरत होते.

“अगं, जमलं! थायलंडची शाळा. गणित शिकवायचं. रविवारी विमान!”

मी आनंदाने ओरडलेच. मग सवयीने विचारलं, “व्हिसा कुठला दिलाय?”

“व्हिसा लागतच नाही म्हणे. फिरायला चाललोय असं सांगायचं. तिथे गेल्यावर शाळा कागद करून देते.”

“आणि पासपोर्ट?”

“एजंटकडे. बोईसरला.”

चिवड्याचा डबा तसाच उघडा राहिला. मी स्वतः थायलंडमध्ये चार वर्षं इंग्रजी शिकवून आले आहे. नोकरीचा व्हिसा आधी, कामाचा परवाना नंतर आणि मगच वर्गात पाऊल, हे तिथलं पहिलं पथ्य. फिरायला म्हणून जाऊन शिकवायला लागणं हा तिथे गुन्हा आहे. हे मी फोनवर सांगून पाहिलं. पलीकडून नुसतं “हं” आलं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकहून एसटी पकडली.

तुम्ही हा रस्ता केला नसेल तर जरूर करा, फक्त माझ्यासारख्या मनःस्थितीत नको. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर असा मार्ग. बायकांना अर्धं तिकीट. मोखाड्याच्या पुढे वळणं अंगावर येतात, पोट हलकं ठेवलेलं बरं. जव्हारच्या स्टँडवर गरम वडा मिळतो. दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं भात, मध्येच नाचणीचा तुकडा. विक्रमगडनंतर खड्डे सुरू झाले. मी मोबाइलवर सुनंदाला पाठवायचा मजकूर लिहीत होते आणि खोडत होते. कसंही लिहिलं तरी तिच्या आनंदावर पाणी ओतल्यासारखंच वाटत होतं.

सुनंदा दुमाडा माझी बी.एड.ची मैत्रीण. बोईसरच्या एका खाजगी शाळेत गणित शिकवायची. तिच्या मासवण गावच्या फाट्यावर ती मला घ्यायला आली आणि चालता चालता सहज म्हणाली, “शाळेचा राजीनामा दिला गं.”

घरासमोर तिचे वडील भात झोडत होते. मला बघून हात झटकत आले. “पोरगी इमानात बसनार बाय! आमच्या पाड्यातली पयली. समद्यांना सांगून झालाय.”

जेवायला तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी होती. काका तिथेच बसले होते, तरी मी बोलले. परवाना नसेल तर तपासणीत पकडतात, कोठडीत ठेवतात, परत पाठवतात, पुन्हा येऊ देत नाहीत.

सुनंदाने भाकरी खाली ठेवली. “तू जाऊन आलीस. आता माझी वेळ आली तर तुला कायदे आठवले.”

काका उठून बाहेर गेले. ते मला जास्त लागलं.

“एकच कर,” मी म्हटलं. “उद्या माझ्याबरोबर तारापूरला चल. एका सरांना भेट. मग तुला हवं ते ठरव. मी परत तोंड उघडणार नाही.”

निलेश तामोरे सरांचं नाव मला परतलेल्या शिक्षकांच्या ग्रुपवर कळलं होतं. तेही इंग्रजीचे शिक्षक, तारापूरजवळच्या कोळीवाड्यातले. बोईसरच्या याच एजंटने त्यांनाही थायलंडला पाठवलं होतं. सकाळी आम्ही बेटेगावमार्गे बोईसरला आलो आणि तिथून शेअर रिक्षाने तारापूरला. बोईसरच्या नाक्यावर कारखान्यांची पाळी सुटली होती, सगळीकडून हिंदी कानावर पडत होतं. रिक्षात सुनंदा बाहेर तोंड करून बसली. कारखाने संपतात, मिठागरांचा चकाकता पट्टा लागतो आणि मग एकदम खारा वारा येतो. एरवी मी चिंचणीच्या किनाऱ्यावर तासभर बसले असते.

कोळीवाड्यात बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत टांगले होते. सरांच्या आई तेच उलटवत होत्या. “थायलंड” हा शब्द ऐकला आणि त्यांचा हात थांबला.

“तो त्यावर बोलत नाय. आमीपन इचारत नाय. तुमी कशाला आल्याव?”

मी सुनंदाकडे बोट दाखवलं. “ही चाललीय, मावशी. त्याच एजंटकडून.”

मावशींनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आत हाक मारली.

सर बाहेर आले. वय पस्तिशीचं, पण खांदे पडलेले. आधी त्यांनी एजंटचं ऑफिस अजून तिथेच आहे का, तोच माणूस आहे का, एवढंच विचारलं. मग सांगायला लागले.

“शाळा खरी होती. मुलं तर फारच गोड. परवान्याचं विचारलं की पुढच्या महिन्यात म्हणायचे. पर्यटक म्हणून राहायची मुदत संपत आली की आम्हाला गाडीत घालून सरहद्दीपलीकडे न्यायचे. पासपोर्टवर नवा शिक्का मारून घ्यायचा आणि परत यायचं. मला वाटलं, सगळेच करतात.”

“पगार?” सुनंदाने विचारलं. कालपासून पहिल्यांदाच तिने स्वतःहून प्रश्न केला.

“यायचा. आयकर कापून. मी खूशच होतो, म्हटलं कर भरतोय म्हणजे आपण कायदेशीर. एकदा सरहद्दीवरच्या अधिकाऱ्याने बाजूला घेतलं. काय काम करतोस? मी म्हटलं, शिक्षक आहे, कर भरतो. त्याने कराचा नंबर मागितला. माझ्या नावाचा नंबरच नव्हता. कापलेले पैसे कुठे भरलेच नव्हते. आणि मी माझ्या तोंडाने कबूल करून बसलो होतो की मी तिथे काम करतो.”

“मग?”

“कोठडी. एका खोलीत इतके जण की झोपायला पाळी लावायची. मग परत पाठवलं. बंदी लागली.” मग म्हणाले, “वर्गातल्या मुलांना सांगताही आलं नाही. फळ्यावर अर्धा धडा तसाच राहिला.”

मावशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. बोंबील उलटवून झाले होते, तरी त्या वळल्या नाहीत.

सुनंदा उठली. “मला पासपोर्ट परत आणायचाय,” ती म्हणाली.

आम्ही निघालो तसे सरही चपला घालून मागे आले. “अरे, तू कुटं चाललास?” मावशींनी विचारलं. “यांच्याबरोबर, बोईसरला,” सर म्हणाले.

एजंटचं ऑफिस बोईसरला एका इमारतीत वरच्या मजल्यावर. बाहेरच्या बाकांवर दहा-बारा माणसं, बहुतेक कारखान्यातले कामगार, आखातात जाण्यासाठी आलेले. आत एजंट हसतमुख. “या मॅडम! बॅग भरली का?”

“मला पासपोर्ट हवाय. मी जात नाही.”

हसू तसंच राहिलं. “असं कसं? तिकीट निघालंय. पासपोर्ट मुंबईला गेलाय.”

“कशासाठी? व्हिसा तर लागत नाही म्हणालात.”

तो आवाज खाली आणून म्हणाला, “आदिवासी पाड्यातून एक मुलगी परदेशी जातेय म्हणून मी मदत केली. ही किंमत का? नुकसान भरून द्या आणि घेऊन जा.”

मी पोलिसांचं नाव काढणार, तेवढ्यात सुनंदा वळून दारात जाऊन उभी राहिली. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचतो ना, तसा तिचा आवाज होता.

“भैया, आप लोग कौनसे वीज़ा पे जा रहे हो? काम का है या घूमने का? अपना पासपोर्ट किसके पास है, देखा?”

बाकावरची माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. एक जण उठला. “हमारा तो घूमनेवाला ही बोले थे.” दुसराही उठला. निलेश सर दारात पुढे आले आणि हिंदीत म्हणाले, “मुझे इसी आदमी ने भेजा था. मैं जेल होके आया.”

एजंटच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. बाहेरची माणसं आत शिरायला लागली तशी त्याने टेबलाचा खण ओढला. पासपोर्ट तिथेच होता. मुंबई-बिंबई काही नाही. त्याने तो टेबलावर सरकवला. सुनंदाने आपला फोटो बघून घेतला आणि आम्ही जिना उतरलो. खाली आल्यावर तिला रडू फुटलं. सर रस्त्याच्या पलीकडे बघत उभे राहिले. वर आरडाओरडा वाढतच होता.

तिथून आम्ही पोलिसांकडे गेलो आणि लेखी तक्रार दिली. सरांनीही सही केली.

परदेशी शिकवायला जाणाऱ्यांसाठी एवढं सांगते. एजंट नोंदणीकृत आहे का, ते ई-मायग्रेटच्या सरकारी संकेतस्थळावर बघता येतं. पासपोर्ट कुणाच्याही खणात ठेवू नका. कामाचा व्हिसा इथून घेऊन निघा. आणि पगारातून कर कापत असतील तर तुमच्या नावाचा करक्रमांक आणि दरवर्षी कर भरल्याचा दाखला मागाच. माझ्या शाळेने तो न मागता दिला होता. इथे आयकर विवरण भरताना तो उपयोगी पडला, पण त्याची खरी किंमत मला तारापूरच्या त्या अंगणात कळली.

नाशिकला परत आल्यावर बरेच दिवस सुनंदाचा फोन आला नाही. त्याच एजंटकडून तिच्याबरोबर जाणार असलेली एक मुलगी मात्र त्या रविवारी गेली. ती समुद्रकिनाऱ्यावरचे फोटो टाकते, तिचं सगळं छान चाललेलं दिसतं. ते फोटो सुनंदाही बघत असणार. तिची बोईसरची जागा दुसऱ्या बाईंना मिळाली होती. ती घरी शिकवण्या घेत होती आणि काका पाड्यात कुणाला काय सांगत असतील याचा मी विचारही टाळत होते. आपण बरोबर केलं का, असं सारखं मनात येई. बरोबर असणं आणि तिचं भलं होणं या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या तर?

काल तिचा फोन आला.

“एका शाळेने मुलाखत घेतली. ऑनलाइन. मी सुरुवातीलाच विचारलं, कामाचा व्हिसा कधी देणार आणि माझा कर कुठे भरणार.”

“मग?”

“लाइन कट झाली त्यांची.” आणि ती हसायला लागली. मासवणच्या त्या जेवणापासून मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. “परत लागलीच नाही गं. उद्या दुसऱ्या शाळेची आहे. तिलाही आधी तेच विचारणार.”