इंजिनातली मूठ

नातीनं मला अंतराळातल्या जहाजाचं इंजिन सांभाळायला दिलं, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की मला कॅप्टन का नाही केलं?

गुडघ्यामुळे मला खाली बसता येत नाही. चष्मा नसेल तर गॅसचं बटण कुठं आहे ते चाचपावं लागतं. पाण्यातलं जहाजसुद्धा मी लांबूनच पाहिलेलं. तरी मान हवा तो कॅप्टनचाच.

खेळ कॉम्प्युटरवरचा. जहाजाची समोरची काच म्हणजे आमचा टीव्ही. त्यात तारे, ग्रह, फिरते दगड आणि शत्रूची जहाजं दिसतात. गंमत अशी की कॅप्टनच्या हातात एकही बटण नसतं. त्यानं फक्त समोर बघायचं आणि बोलायचं. बाकीचे आपापल्या पडद्यावर त्याच्या बोलण्याप्रमाणे काम करतात. कुणी जहाज वळवतं, कुणी मारा करतं आणि कुणी इंजिनातली वीज कुठं किती सोडायची ते बघतं. नात कल्याणला कॉलेजात जाते, तिथं मैत्रिणींबरोबर ती हे खेळते. घरी तिनं तो आणला तो तिच्या आईसाठी.

माझी सून वाशिंदजवळ एका कंपनीत आहे. तिथं पुठ्ठ्याची खोकी बनतात. इतकी वर्षं ती लाइनवर उभी राहून काम करायची, आणि आता साहेबांनी तिला सुपरवायझर हो म्हणून सांगितलं होतं. उत्तर सोमवारी द्यायचं होतं. घरात सगळ्यांना आनंद झाला, एक तिला सोडून.

"माझ्याहून मोठ्या बाया हायत तिथं," ती म्हणायची. "त्यांना मी काय सांगू, हे कर नि ते कर? आणि कापायच्या मशीनवर 'थांब' म्हणायला मला उशीर झाला तर? पातं काय माझी वाट बघणार हाय?"

"मम्मी, काम सगळं येतं तुला," नात म्हणाली. "बोलायला तेवढं येत नाय. रविवारी घरात प्रॅक्टिस करू. तू कॅप्टन, चालवायला नि मारायला मी."

"आणि मी?" मी विचारलं.

"तू इंजिनियर, आजी."

"एवढी वर्षं हे घर कुणी चालवलं गो?"

"म्हणूनच इंजिनात बसवतेय," ती म्हणाली आणि माझ्या मांडीवर टॅबलेट ठेवला.

पडद्यावर रंगीत उभ्या पट्ट्या होत्या. नावं इंग्रजीत, पण रंग कुठल्या भाषेत असतात? निळी पट्टी ढालीची, तिला त्या दोघी शिल्ड म्हणत. हिरवी चालण्याची, तांबडी माऱ्याची. बाजूला एक पिवळी, ती राखीव विजेची. एकीत वाढवायचं तर दुसरीतून काढायचं, आणि अगदीच नड आली तर पिवळीतून. मला हे समजावून सांगायला नातीनं अर्धा तास धरला होता. मला दोन मिनिटं पुरली. पाच माणसांचं कालवण सात ताटांत वाढलेल्या बाईला आणखी काय शिकवायचं?

इथं मला माझी तिशीतली मूर्ती आठवते. काय तो थाट! पदर खोचलेला, नाक वर, घरातल्या दाण्यादाण्यावर नजर. आमच्या टोकावड्याकडे, माझ्या माहेरी, बाया रोजच्या मापल्या तांदळातून एक मूठ परत काढून ठेवत. पावसाळ्याच्या मध्यात घरातलं भात संपत आलं की ती मूठ कामाला येई. मीही तेच घेऊन सासरी आले, पण मी पडले जास्त हुशार. मी ते मडकं माळ्यावर असं लपवलं की माझं मलाच सापडेना. एके दिवशी भिंतीवरून तांदळातल्या किड्यांची, टोक्यांची रांग खाली उतरायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "हे कुठं निघाले वरातीला?" मी म्हटलं, "पाऊस येणार असंल." सगळा तांदूळ कोंबड्यांना घालावा लागला. माझ्या काटकसरीवर त्या वर्षी कोंबड्या तेवढ्या माजल्या.

अक्कल काही आली नाही. सासू झाल्यावरही तांदूळ कुणीही मापो, तिची पाठ वळली की माझ्या हातानं टोपातून मूठ काढलीच. आता घरात दुकानातला तांदूळ पोत्यानं येतो, नड कसलीच नाही, तरी हात ऐकत नाही. पाहुणे आले की कधी कधी भात कमी पडायचा. सुनेला अंदाज नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणत. मीही म्हणे.

तर रविवारी आमचं जहाज निघालं.

पहिल्या खेपेला कॅप्टननं हुकूम सोडला तो असा : "अगं, जरा उजवीकडं घेतेस का?"

"मम्मी, समोर डोंगराएवढा दगड आलाय," नात ओरडली. "त्याला पण विचारू का, जरा सरकतोस का म्हणून?"

आपटलो. दुसऱ्या खेपेला कॅप्टन माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, तुमाला जमलं तर शिल्डला थोडं..."

"बघते," मी म्हटलं. इंजिनियरचा रुबाब नको का?

"आजी, 'बघते' नाय म्हणायचं," नात चिडली. "तिला समोरचं तेवढं दिसतं, आतलं दिसत नाय. तू 'दिलं' म्हणायचं आणि द्यायचं. त्याच्यावर ती पुढचं ठरवणार."

पुन्हा फुटलो. पण जेवणं झाल्यावर काय झालं कोण जाणे, सून खुर्चीतून उठली, ओढणी कमरेला बांधली आणि टीव्हीसमोर उभी राहिली. "डावीकडे. अजून. थांब. आता मार." शत्रूचं जहाज धूर सोडत गेलं. नातीनं शिट्टी मारली. सुनेचा तो आवाज मी या घरात कधी ऐकला नव्हता. मला कौतुक वाटलं असं लिहिलं तर ते अर्धंच खरं. उरलेल्या अर्ध्याला काय म्हणतात ते माझ्या वयाच्या बायांना सांगायला नको.

मग मोठी मोहीम आली. एका ग्रहावरून माणसं घेऊन निघालेलं एक जहाज, बिनहत्यारी. त्याला आपल्या ढालीआड धरून पलीकडं पोचवायचं. मध्यावर शत्रूनं दोन्ही बाजूंनी घेरलं. निळी पट्टी भराभर उतरायला लागली. सून डगमगली नाही. तिनं एकदा त्या जहाजाकडे पाहिलं, एकदा शत्रूकडे, आणि म्हणाली, "आई, राखीव सगळं शिल्डला. पोरी, वळू नको, सरळ चल. आपण निघतो यातून."

मी पिवळी पट्टी खाली ओढली. तळाला यायच्या थोडं अलीकडे माझं बोट थांबलं.

"दिलं सगळं," मी म्हटलं.

ढाल तुटली ती अगदी काठावर. पलीकडची सुरक्षित हद्द टीव्हीत दिसत होती. टीव्ही पांढरा झाला आणि ते माणसांचं जहाज नाहीसं झालं.

बोट सवयीनं थांबलं, हे मी स्वतःला नंतर कितीदा तरी सांगितलं. असेलही. पण तोंड सवयीनं बोललं नव्हतं.

"मी उशिरा सांगितलं," सून म्हणाली.

"नाय मम्मी, टाइमात सांगितलंस. निघायलाच पाहिजे होतं." नात माझ्याकडे वळली. "आजी, राखीव उरलं होतं का?"

पिवळ्या पट्टीत नखाएवढा उजेड अजून होता. मी त्यावर अंगठा ठेवला.

"उरतंय कुठलं? संपलं होतं."

"मग माझाच अंदाज चुकला," सून म्हणाली. ओढणी सोडून तिनं खांद्यावर घेतली आणि मोरीत जाऊन भांडी घासायला बसली. भांडी म्हणजे तीन कप होते. तिथूनच तिचा आवाज आला, नेहमीचा, खालच्या पट्टीतला. "उद्या नाय म्हणून सांगते. इथली माणसं खोटी होती. तिथं बायांची बोटं खरी हायत."

नात बरंच समजावत राहिली. मी टॅबलेटची काच पदरानं पुसत बसले. काच स्वच्छच होती.

संध्याकाळी सुनेनं तांदूळ मापले आणि टोप माझ्यापुढे धरला. "बघा हो आई, एवढा पुरंल?" ज्या घरात ती वीसहून जास्त वर्षं रांधते आहे, तिथं तिनं मला हे विचारलं. मी म्हटलं, पुरंल. ती पाणी आणायला वळली. माझा हात टोपाकडे गेला नाही, असं लिहायला मला फार आवडलं असतं. गेला. मूठ भरली सुद्धा. मग मी ती परत टोपात सोडली आणि दाणे सारखे केले, चोरासारखं. भात उरला त्या दिवशी. 

रात्रभर मी वकिली केली. खेळ तर होता. एवढीशी वीज. आणि नाय म्हणाली तर बिघडलं काय, आहे ती नोकरी आहेच की. आरोपीही मीच होते, त्यामुळे सुटका सोपी जायला हवी होती. गेली नाही.

सकाळी ती डबा घेऊन कंपनीच्या गाडीसाठी नाक्यावर निघाली, तशी मी चपला घातल्या.

"कुठं चाललात?"

"तुला सोडायला."

"मला?" ती हसली. "गुडघा बरा झाला वाटतं."

हातपंपापर्यंत आलो. मग म्हटलं, "राखीव उरलं होतं."

"काय?"

"काल. तू सगळं मागितलंस नि मी थोडं मागं ठेवलं. संपलं म्हटलं ते खोटं. तुझा अंदाज बरोबर होता."

ती हसेल अशी माझी अपेक्षा होती. म्हातारी खोडकर आहे, हे माझं भांडवल. आजवर पुष्कळ गोष्टी त्यावर खपल्या. ती हसली नाही.

"किती ठेवलं होतं?"

"इतकुसं. मूठभर म्हण."

"मूठभर," ती म्हणाली आणि चालायला लागली. मी मागून. थोडं पुढे जाऊन ती उभी राहिली. "आई, घरात भात कमी पडायचा, तो..."

मी रस्त्याकडे बघत राहिले.

"माझे बाबा जेवायला बसले होते तेव्हा पण? पोट भरलं म्हणून उठले ते. भरलं नव्हतं त्यांचं. मला म्हायती होतं, त्यांना म्हायती होतं. आणि तुमी सगळ्यांसमोर म्हणालात, हिला अंदाज नाय."

"म्हणाले असंन."

"असंन नाय. म्हणालात."

हा कालचाच आवाज होता, टीव्हीसमोरचा. नाक्यावरून गाडीचा हॉर्न आला. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"मूठ काढायची होती तर सांगून काढायची. मी एक मूठ जास्त घातली असती. एवढंच होतं ना?"

  तिच्या बाबांना जाऊनही आता वर्षं झाली, त्यांच्या ताटात परत काही वाढता येत नाही. सून गाडीत बसली, पलीकडच्या खिडकीला.

तो दिवस मी कसा काढला ते विचारू नका. नातीनं कॉलेजातून फोन केला, "आजी, मम्मीचं काय झालं?" मी म्हटलं, मला काय माहीत गो. तिलाही मी काही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी सून आली, पिशवी खुंटीला लावली, पाणी प्यायली.

"हो म्हटलं," ती म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच जीभ सुटली. "बघ! बरं झालं ना मी सांगितलं ते?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथंच आवरलं.

"तुमी सांगितलं म्हणून नाय. गाडीत राग राग झाला होता माझा. उतरल्या उतरल्या साहेबांना सांगून टाकलं. थंड झाले असते तर परत घाबरले असते." मग तिनं तांदूळ मापला, टोप मोरीत नेला आणि स्वतःच धुतला. मला विचारलं नाही, पुरंल का म्हणून. त्यानंतर कधीच विचारलेलं नाही.

पुढच्या रविवारी नातीनं टीव्ही जोडला. मी सवयीनं टॅबलेटकडे हात केला.

"इंजिन पोरीकडं देते," सून म्हणाली. "जहाज नि इंजिन दोन्ही बघंल ती."

"मम्मी, दोन्ही मला कसं जमणार? आजीला चांगलं येतं."

"येतं. तरी नको."

नात एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. काय झालं ते विचारावं असं तिच्या तोंडावर आलं होतं. मी सांगू शकले असते. नाही सांगितलं.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"तुमी पुढचं बघायचं. किती जहाजं येतात ते मोजायचं आणि मला सांगायचं. हायत तेवढी. एक कमी नाय नि एक जास्त नाय."

नातीच्या जुन्या मोबाइलवर माझ्यासाठी रडारचा एक काळा गोल काढून दिला गेला. मी चष्मा पुसून घातला. जहाज निघालं. थोड्या वेळानं गोलाच्या कडेला तांबडे ठिपके उगवले.

"पाच," मी म्हटलं.

कॅप्टन टीव्हीकडेच बघत होती. "परत मोजा," ती म्हणाली.

मी परत मोजले.