साडूंचा निरोप आधी पोचतो

वस्तूबरोबर आलेलं माहितीपत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बुधवार पेठेत त्यांनी तीस वर्षं रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त केले. "टेप अचानक बंद पडला हो," असं गिऱ्हाईक म्हणालं, की मान वर न करता म्हणायचे, "सांगून बंद पडलेला मी अजून पाहिला नाही." आमच्याकडे नवा मिक्सर आला, तो चालेना म्हणून मी दुकानात दोनदा परत नेला. पुढच्या रविवारी साडू आले आणि चष्मा लावून त्यांनी त्याचं पुस्तक वाचायला घेतलं. इंग्रजी झालं, हिंदी झालं, हमीपत्र झालं, तोवर चटणीचं खोबरं वाळून गेलं. मग त्यांनी भांड्याचं झाकण टक असा आवाज येईपर्यंत उजवीकडे फिरवलं आणि मिक्सर सुरू झाला. "नवव्या पानावर आहे," ते म्हणाले. बायकोने एकदा माझ्याकडे बघितलं आणि चटणी वाटायला घेतली. मी बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे ते बघणं मला जास्त लागलं. तेव्हापासून मला या माणसाचा मत्सर वाटतो आणि आता या वयात तो लपवण्यात अर्थ नाही.

खरी गोष्ट सुरू झाली ती आमच्या सासऱ्यांच्या ऑपरेशननंतर. नाना विश्रांतवाडीला तळमजल्यावर एकटे राहायचे, साडूंचं घर पुढच्याच गल्लीत. नाना म्हणजे भाजीवाल्याशीही अर्धा तास बोलणारा माणूस. त्यांच्या घशात गाठ निघाली, स्वरयंत्र काढावं लागलं आणि त्यांचं बोलणं कायमचं थांबलं. हात थरथरायचे म्हणून धड लिहिता येईना आणि फोनवरची बारीक अक्षरं दाबता येईनात. साडूंनी आपल्या घरात घंटा बसवली आणि तिचं बटण नानांच्या उशाशी लावलं. पण घंटेतून पाणी हवंय की काही दुखतंय, हे कळत नव्हतं. साडू दर वेळी धापा टाकत यायचे आणि नाना पंख्याकडे बोट दाखवायचे.

एका रविवारी सगळे जमलेले असताना मी जाहीर केलं, की यावर ॲप हा उपाय आहे. पडद्यावर मोठी चार बटणं, नाना एक दाबणार, की निरोप त्याच क्षणी दोन्ही मुलींच्या आणि दोन्ही जावयांच्या फोनवर. असे निरोप तत्काळ पोचवणाऱ्या क्लाऊड सेवा तयार असतात, आपलं ॲप त्यांना जोडायचं फक्त. "माझ्यावर सोडा," मी म्हटलं, "आठवड्यात देतो." नानांनी माझा हात दाबला. साडू म्हणाले, "मला त्यातलं काही वाचायला मिळेल का?" मी त्या सेवेच्या माहितीची लिंक पाठवून दिली. शेकडो पानं, सगळी इंग्रजी. आता हे गप्प बसतील, असा माझा हिशेब होता.

त्यांनी ती पानं ओळखीच्या झेरॉक्सवाल्याकडे छापून घेतली, बांधून घेतली, आणि शब्दकोश व पेन्सिल घेऊन बसले. मग मला फोन येऊ लागले. "अहो, हे टोकन म्हणजे दवाखान्यात देतात तसं का? आपला नंबर कुठला, ते ओळखायला?" मी म्हणायचो, "तितकं सोपं नसतं ते." फोन ठेवल्यावर लक्षात यायचं, की ते तितकंच सोपं होतं. बंगळूरला असलेल्या त्यांच्या मुलीने आपला जुना लॅपटॉप पाठवला आणि फोनवरून शिकवत बटणांचा पडदा त्यांच्याकडून करून घेतला. पुढचं जोडणं मात्र त्यांनी एकट्याने करायला घेतलं. सेवेवर प्रोजेक्ट, म्हणजे आपल्या ॲपचं खातं, उघडायचं, तिथून मिळणारी फाईल ॲपच्या फोल्डरमध्ये बरोबर जागी ठेवायची, प्रत्येक फोनचं टोकन जपायचं. एकेक पायरी झाली, की ते पुस्तकात बरोबरची खूण करायचे.

माझा आठवडा दीड महिन्यावर गेला होता. खरं सांगायचं तर गेली दहा वर्षं मी मीटिंगा करतो, प्रोग्रॅम लिहीत नाही. पण साडूंच्या दुरुस्तीच्या हातांनी माझ्या धंद्यात शिरावं, हे मला सोसवेना. मी ऑफिसातून तीन दिवस रजा घेतली, बायकोला ताप आहे असं सांगितलं, आणि तिच्याच समोर बसून घाईघाईने माझं ॲप पूर्ण केलं.

रविवारी सकाळी दोन्ही ॲप नानांच्या फोनवर आली. आधी माझं. नानांनी थरथरत 'पाणी' दाबलं. आम्ही टेबलावर पडलेल्या आपापल्या फोनकडे बघत राहिलो. "येईल," बायको म्हणाली. तिने असं सांभाळून घेतलं की मला फार वाईट वाटतं. मग नानांनी साडूंच्या ॲपवरचं 'पाणी' दाबलं आणि खोलीतले चारही फोन एकदम वाजले. मी एव्हाना खिशात टाकलेला माझा फोनसुद्धा. मेव्हणीने पाणी आणलं, नाना प्याले, पोहे झाले, चहा झाला, आणि मग माझा फोन किणकिणला. त्यावर माझा निरोप होता : पाणी.

"तुमचंही पोचलं की," साडू म्हणाले. "जरा फिरून आलं."

नाना आवाजाविना हसले. ऑपरेशननंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो आणि तेही माझ्यावर. निघताना साडूंनी मला फाटकापाशी गाठलं आणि हळूच सांगितलं, "फोन पडून असला, तर निरोप तातडीचा आहे असं वेगळं कळवावं लागतं. नाहीतर सेवा तो सवडीने देते. एकशे चौदाव्या पानावर आहे." सगळ्यांसमोर सांगितलं असतं, तर मला त्यांचा राग तरी धरता आला असता.

चार बटणांपैकी तीन होती 'पाणी', 'या' आणि 'दुखतंय'. चौथं काय ठेवायचं, हे साडूंनी नानांनाच विचारलं. नानांनी पाटी मागवून तिच्यावर कसंबसं, वाकडंतिकडं लिहिलं : काही नाही. साडूंनी का ते विचारलं नाही, बटण करून दिलं. मग दिवसातून चार-पाच वेळा, भर मीटिंगमध्ये, माझ्या फोनवर यायचं, 'काही नाही'. बायको लगेच नानांना फोन लावायची आणि भाजी, हवा, शेजारी यांवर एकटीच बोलत बसायची. ते ऐकत राहायचे.

एका दुपारी 'दुखतंय' आलं. मी ऑफिसातून निघेपर्यंत साडूंनी नानांना दवाखान्यात पोचवलंही होतं. छातीत कळ आली होती. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. बाहेरच्या बाकावर दोघी बहिणी रडत होत्या, मेव्हणी साडूंचा हात धरून बसली होती, आणि मी म्हटलं, "हल्ली या सेवा फार वेगवान झाल्यात." साडू म्हणाले, "हो ना. आपण फक्त जोडायचं." या बोलण्यात टोमणा शोधण्यात माझे पुढचे चार दिवस गेले. सापडला नाही.

त्यानंतर नाना सव्वा वर्ष होते. गेले ते सकाळी, झोपेत, कुठलंही बटण न दाबता.

दोन महिन्यांनी साडू एकटेच आमच्याकडे आले, लॅपटॉप कापडी पिशवीत घेऊन. "प्रोजेक्ट बंद करून टाकायचं आहे," ते म्हणाले. "तुम्ही यातले. जरा बघता का?"

या माणसाने मला असं काही विचारावं, याची मी किती वर्षं वाट पाहत होतो. मी खुर्ची पुढे ओढली. ज्या पानावर बंद करायचं, ते त्यांनी आधीच उघडून ठेवलेलं होतं. खरंच पुसायचं असेल तर प्रोजेक्टचं नाव टाईप करा, अशी त्यावर सूचना होती. साडूंनी प्रोजेक्टला नानांचंच नाव दिलं होतं. मी पहिली दोन अक्षरं टाईप केली. साडू खिडकीबाहेर बघत होते.

मी ती दोन्ही अक्षरं खोडली. "मलाही हे नीट येत नाही हो," मी म्हटलं.

साडूंनी माझ्याकडे बघितलं, मग लॅपटॉप मिटला. "अवघडच आहे तसं," ते म्हणाले. मग बराच वेळ ते नानांबद्दल बोलत राहिले, आणि मी त्यांना मध्ये कुठेच थांबवलं नाही.