प्रमुख पाहुणे बापूसो मगदूम

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीकडे वळणाऱ्या रस्त्यावर बापूसो मगदुमांचा वजनकाटा आहे. भरलेला ट्रक काट्यावर चढतो, बापूसो केबिनमधून आकडा बघतात आणि पावती फाडतात. काम एवढंच. पण उभी हयात त्यांनी ते अशा सरळपणे केलं, की माल देणारा आणि घेणारा भांडत आले तरी मगदुमांची पावती बघून गप्प होत. पुढंपुढं लोक त्यांना वजनाबाहेरच्या गोष्टीही विचारू लागले. जमीन घेऊ का, पोरगी त्या घरात देऊ का, म्हशीचा दलाल बरा आहे का. बापूसो थोडं बोलत आणि बोललं की ते धरलं जाई. याचा त्यांना अभिमान होता. तो ते दाखवत नसत, पण होता.

अशा माणसाला कोल्हापूर सुखानं घरी बसू देत नाही. इथं झेरॉक्सचं दुकान उघडायचं म्हटलं तरी फेटा बांधून घ्यायला, शाल पांघरायला आणि नारळ धरायला एक भारदस्त पाहुणा लागतो. वर्षाकाठी बापूसोंच्या घरी इतक्या शाली जमत, की त्यांच्या पत्नी अक्काताई त्या लग्नाकार्यात वाटून टाकत आणि तरी कपाट भरलेलंच राही.

त्यांचा पुतण्या अनेकांत इंजिनिअर. पुण्यातली नोकरी सोडून तो परत आला आणि एक वेगळंच खूळ घेऊन आला. जगभरातले काही लोक मिळून एआयवर चालणारे रोबो तयार करत होते. गोदामात खोकी उचलणारे, कारखान्यात सुटे भाग इकडून तिकडे नेणारे. एक रोबो जे शिकेल ते सगळे शिकणार. हे सगळं एका कंपनीच्या ताब्यात नसून टोकन, म्हणजे मोबाइलवर विकत घ्यायचं क्रिप्टोतलं नाणं, घेणाऱ्या हजारो लोकांच्या मालकीचं असणार. रोबोंनी काम केलं की टोकनवाल्यांना वाटा मिळणार आणि पुढं काय करायचं तेही टोकनवालेच मत देऊन ठरवणार. बंगळूर-दुबईचे मोठे गुंतवणूकदार त्यात उतरले होते आणि टोकनचा भाव चढत होता. कोल्हापुरात हे पसरवायचं काम अनेकांतनं अंगावर घेतलं होतं. पोरगा लबाड नव्हता. पुण्यात फ्लॅट घ्यायला साठवलेले सगळे पैसे त्यानं आधी स्वतःच त्यात घातले होते.

तो काकांकडे आला आणि दुपारभर समजावत बसला. बापूसोंनी सगळं ऐकून एकच विचारलं, याचा मालक कोण. मालकच नाही, हीच तर यातली गंमत आहे, असं अनेकांत म्हणाला. बापूसोंना त्यात गंमत काही दिसली नाही. पण तोंडावर नाही म्हणायची वेळ आली नाही, कारण गेल्या चातुर्मासात त्यांनी जैन मुनी महाराजांसमोर परिग्रह-परिमाणाचं व्रत घेतलं होतं. आहे त्यापेक्षा जास्त मिळकत जोडायची नाही. ते त्यांनी सांगितलं आणि मनातून सुटल्यासारखं वाटलं.

अनेकांतनंही ताणलं नाही. पैसे नकोत, पण कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे म्हणून तरी या, म्हणाला. घरचाच कार्यक्रम आणि पुतण्याला एकदा व्रताचं कारण सांगून टाळलेलं. बापूसोंनी लगेच होकार दिला. फेटा बांधून घेतल्यानं काही मिळकत वाढत नाही. इतका साधा हिशेब त्यांनी केला, आणि तिथंच हा चोख माणूस चुकला.

कार्यक्रम झक्क झाला. बंगळूरचे दोन गुंतवणूकदार आले होते. त्यांनी इंग्रजीत बरंच सांगितलं, लोकांनी ते आदरानं ऐकलं आणि सोडून दिलं. खरी मजा पुढं होती. अनेकांतनं टेबलावर एक यांत्रिक हात बसवला होता. तो हात वाकला, परडीतला नारळ त्यानं अलगद उचलला आणि बापूसोंपुढं धरला. बापूसोंनी नारळ घेतला आणि सवयीनं त्या हाताला नमस्कारही केला. सभागृह हसून हसून बेजार झालं. मग बापूसो दोन वाक्यं बोलले, की पोरं काहीतरी नवं करत आहेत, आपण त्यांच्या पाठीशी उभं राहिलं पाहिजे. त्यांनी आजवर शंभर ठिकाणी हेच भाषण केलं होतं, पेढीच्या उद्घाटनालाही आणि पिठाच्या गिरणीच्याही.

नारळ घेतानाचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी कागलपासून कबनूरपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर होता. बापूसोंना तो बघून बरं वाटलं. त्यातून काय निघालं ते त्यांना बऱ्याच दिवसांनी कळलं. कृष्णात नावाचा ट्रकमालक काट्यावर आला असताना सहज म्हणाला, की तुमचा व्हिडिओ बघितला आणि मीही घेतली थोडी टोकनं. रोबो मला काय कळतोय, पण तुम्ही तिथं उभे होता. असे आणखीही बरेच होते. आणि काट्यासमोर चहाची टपरी चालवणाऱ्या बाळाबाईनं म्हैस विकून आलेले पैसे त्यात घातले होते. अनेकांतनंच तिच्या मोबाइलवर खातं उघडून दिलं होतं.

त्याच वेळी तोंड उघडायला हवं होतं. पण भाव चढत होता, लोक खुशीत होते, आणि आपल्या नावावर लोकांचं भलं होतंय हे कुणाला नको असतं. बापूसो गप्प राहिले.

पावसाळा सरता सरता क्रिप्टोचा सगळाच बाजार बसला. त्याबरोबर हे टोकनही कोसळलं, म्हशीच्या किमतीत रेडकूसुद्धा येणार नाही इतकं. कुणी पैसे घेऊन पळालं नव्हतं. रोबो होते, काम करत होते, पण टोकन घेणारे उडाले होते. अनेकांत रात्रंदिवस फोनवर लोकांना तेच सांगत होता आणि त्याचं तोंड उतरलं होतं. लोकांना भांडायचं होतं, पण कुणाशी? ना ऑफिस, ना साहेब, ना कुलूप लावायला दार. मग लोक काट्यावर येऊ लागले. उभे राहायचे, चहा प्यायचे, इकडचं तिकडचं बोलायचे आणि शेवटी विचारायचे, काय म्हणतंय ते रोबोचं.

अक्काताईंनी जेवताना सल्ला दिला. आमचंही गेलं असं म्हणा, लोक गप बसतील. तेवढं म्हणायला सोपं होतं आणि खपलंही असतं. बापूसोंनी ताटावरून वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काट्यावर गर्दी नव्हती. बाळाबाई स्वतः चहा घेऊन केबिनमध्ये आली आणि बाकावर बसली. एरवी ती कधी बसत नसे. भांडायला आलेली नव्हती. तिला एवढंच विचारायचं होतं.

"अण्णा, ठेवू का काढू? तुमी म्हनशीला तसं करते."

बापूसोंनी दोन्हीकडून तोलून बघितलं. काढ म्हणावं तर तिची म्हैस आज गेली. ठेव म्हणावं तर उद्या कदाचित उरलेलंही जाईल. मला यातलं कळत नाही, असं ते म्हणाले. बाळाबाईला ते पटलं नाही. एवढा मोठा माणूस, कळत नाही कसं म्हणतो? सांगायचं नसेल, असं तिला वाटलं असावं. ती जरा पुढं सरकली.

"मग तुमच्या सोताच्याचं काय केलायसा ते तरी सांगा की. मी बी तसंच करीन."

आता अक्काताईंचं वाक्य ओठावर आलं होतं. बापूसोंनी ते गिळलं.

"मी घातलंच न्हाय, बाळाबाई. माझं व्रत हाय. नवं काय जोडायचं न्हाय असं."

 बाळाबाईला राग आला असता तर बरं झालं असतं, पण ती नुसती गोंधळली होती. एक रुपया न घालता माणूस फेटा बांधून तिथं कसा उभा राहतो, हे ती खरोखर समजून घेत होती.

"म्हंजे व्रतानं तुमास्नी राखलं," ती शेवटी म्हणाली. "बरं झालं की. पर त्या दिशी तेवढं बोलला असता तर आमी बी राखलो असतो."

 व्रत सांगायचं नसतं, मिरवायचं नसतं, हे बापूसोंना लहानपणापासून शिकवलेलं. फेटा मात्र ते इतकी वर्षं मिरवत आले होते, आणि त्याचं वजन लोक आपल्या घरच्या पैशानं मोजतात हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. मग आता काय करणार, असं त्यांनी हळूच विचारलं.

बाळाबाई रिकामे कप उचलून उठली.

"ठिवते. अनेकांतचं बी त्यातच हाय सगळं. बुडालं तर त्यो माझ्यासंगं बुडंल. आता काय इचारायचं ते त्येलाच इचारीन."

ती रस्ता ओलांडून टपरीत गेली आणि गिऱ्हाइकाला चहा गाळू लागली. बापूसो केबिनच्या दारात उभे राहिले. उद्या काट्यावर ट्रक येतील, वजनं होतील, पावत्याही फाटतील. पण जमीन घेऊ का, पोरगी देऊ का, हे विचारायला आता कुणी यायचं नाही, हे त्यांना तिथं उभ्याउभ्या कळलं, आणि ते त्यांना फार लागलं.