मार्गारेटची खोली

अनिकेतचा फोन आला तेव्हा मी एडिनबरात बसमध्ये होते. "मावशी, आई गेली... हॉस्पिटलमध्येच," एवढंच त्याला बोलता आलं. मी पुढच्या स्टॉपला उतरले आणि कुठे जायचं ते न कळून नुसती चालत राहिले. महिना उलटला, तरी ती तगमग गेलेली नाही.

अनिकेतच्या आई, विद्याताई, भूलतज्ज्ञ होत्या. निवृत्त झाल्या, यजमान गेले, तरी एडिनबरातल्याच एका मोठ्या व्हिक्टोरियन दगडी घरात एकट्याच राहिल्या. रांगेतल्या बाकी घरांचे फ्लॅट झाले होते. "अहो, विका आता, गुडघे बघा," मी म्हणायचे आणि त्या शिडीवर उभ्या राहून खिडकीच्या चौकटीला रंग देत असायच्या. स्वस्थ बसणं त्यांना जमायचंच नाही.

एका दुपारी काठी टेकत एक म्हातारी दारात आली. तिचं नाव मार्गारेट. हे घर तिच्या आजोबांनी बांधलेलं. "वरच्या खोलीत माझा जन्म झाला. एकदा बघू द्याल?" विद्याताईंनी तिला हाताला धरून वर नेलं. मग मार्गारेट दर रविवारी केअर होममधून जेवायला येऊ लागली. साधं वरण तिला फार आवडायचं. पुढे तिचा आजार बळावला, उपचार थांबले. तिचं जवळचं कुणी नव्हतं. ती एकच धोशा लावून होती, घरी जायचंय. विद्याताईंनी तिला घरी आणलं.

अनिकेत केंब्रिजहून तावातावाने आला. "आई, परक्या बाईला घरात मरायला आणतेस?"

"परके आपण आहोत रे. ती इथलीच आहे."

जिथे जन्मली त्याच खोलीत मार्गारेटने शांतपणे प्राण सोडला.

विद्याताईंना मात्र तसं घरी मरण मिळालं नाही. अचानक स्ट्रोक आला. शब्द अडखळत होते, तरी माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "नीला, घरी ने गं..." डॉक्टर हलवू देईनात.

आता घर विकायचं आहे. परवा सामान आवरायला अनिकेत आला. बराच वेळ खाली आला नाही म्हणून मी वर गेले. मार्गारेटच्या पलंगावर तो कोट न काढताच आडवा झाला होता.

"मावशी, आईला इथे आणता आलं असतं तर..."

पलंगाशेजारची खुर्ची अजून भिंतीकडे सरकवलेली नव्हती. मार्गारेटपाशी विद्याताई याच खुर्चीत बसायच्या. मी बसले. लगेच उठले... आणि पुन्हा बसले.