राघो पाथरवटाने तासलेली अक्षरं

कल्याणच्या खाडीवर एक जुना कोट होता. शिलाहारांनी बांधला की त्यांच्याही आधी कुणी, यावर गावातले शहाणे तासन्‌तास भांडत. दगड मात्र ज्याला हवे तो बैलगाडीत घालून नेई, आणि भांडणाऱ्यांपैकी एकानेही कधी गाडी अडवली नाही. पुढे खाडीचा धक्का बांधायला निघाला तेव्हा उरलासुरला तटही उतरवला, दरवाजा तेवढा राहिला. माझे मामा राघो त्या धक्क्यावर पाथरवट होते.

वीसेक वर्षांनी एका हौशी साहेबाच्या मनात आलं, की कोटाच्या दरवाजावरच्या दोन खोल्यांत जुन्या मूर्ती, तोफगोळे आणि कोरीव दगड मांडून ठेवावेत. लोक त्याला अजबखाना म्हणू लागले. गुडघे गेल्यामुळे मामांची छिन्नी सुटली होती, साहेबाने त्यांनाच रखवालदार नेमलं. दगडांना हात लावू नका म्हणून ते लोकांना दरडावत, तेव्हा मला हसू आवरत नसे. ज्याने कोट फोडला त्यालाच तो राखायला बसवलं होतं. मामा मात्र कधी हसले नाहीत.

एक दिवस खाडीपलीकडच्या मिठागरांच्या गावातून आनंदा नावाचा माणूस आला. त्यांच्या तळ्यावर एका जमीनदाराने हक्क सांगितला होता. गावाला पिण्याचं पाणी तेवढंच. मामलेदार म्हणाले होते, पुरावा आणा. तळं गावाला दिल्याचा लेख कोटाच्या दरवाजाशी दगडावर कोरलाय, असं त्यांचे म्हातारे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. मामांनी त्याला कोपऱ्यातला दगड दाखवला. वर चंद्र-सूर्य कोरलेले, आणि खाली तो मोडलेला. खालचा तुकडा कुठे गेला, आनंदा विचारू लागला.

मामांना ते पक्कं ठाऊक होतं. माहीत नाही म्हणाले असते तर कुणी खोदून विचारलंही नसतं, आणि नोकरी शाबूत राहिली असती. दोन दिवस त्यांनी आनंदाला थांबवून घेतलं. तिसऱ्या दिवशी ते आनंदाला घेऊन थेट मामलेदारांपुढे उभे राहिले.

"तो तुकडा मी धक्क्याच्या पायरीला लावला," ते म्हणाले. "अक्षरांवर लोकांचे पाय पडतील, पाप लागेल, म्हणून छिन्नीनं तासून काढली."

काय लिहिलं होतं ते सांगता येईल का, मामलेदारांनी विचारलं. मामांना वाचता येत नव्हतं. मामलेदार धक्क्यावर जाऊन पायरी पाहून आले, मनापासून हळहळले, आणि तळं जमीनदाराकडे गेलं. गावातल्या बाया पाण्यासाठी कोसभर चालू लागल्या. मामांची नोकरीही गेली.

महिन्याभराने मामा मला घेऊन होडीने त्या गावात गेले. मला वाटलं, आता लोक जोड्याने मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण आनंदा पुढे आला, घोंगडी अंथरली, गूळ-पाणी दिलं. तेही कोसभरावरून आणलेलं पाणी.

"अक्षराला पाय लागू नये म्हनूनच केलंस ना," तो म्हणाला. "तुझ्या जागी आमीबी तेच केलं असतं."

आवडाबाई नावाची त्याची म्हातारी आई तर पुढे येऊन मामांच्या पाया पडली. मामांनी पाय झटकन मागे घेतले. मला त्यांचा रागच आला.

 परतताना होडीत मामा पाण्याकडे बघतच बोलले.

"लेखाचा दगड लावायचा तर अक्षरं आतल्या बाजूला वळवायची, हे मला बापानं शिकवलेलं. तशी लावली असती तर आजही शाबूत असती. पण त्याची मागची बाजू ओबडधोबड होती, ती घडवायची म्हणजे दोन दिवसांचं काम, अक्षरं तासायला घटकाभर. मला कंटाळा आला, रे. पापाचं मला नंतर सुचलं."

मग हे त्यांना सांगितलं का नाही, मी विचारलं.

"तेच सांगायला गेलेलो," मामा म्हणाले. "ती म्हातारी पाया पडली, आणि माझं तोंडच उघडलं नाही."