पहिली किटली घरची

आमच्या दूध संकलन केंद्रावर एक रीत मी पाडली होती. सकाळ असो की संध्याकाळ, पहिली किटली आमच्या घरची, आणि तिचा आकडा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. केंद्र आमच्याकडे यायच्या आधी जो माणूस ते चालवायचा, तो फॅट मनाने टाकायचा. भावकीतल्याला जास्त, बाकीच्यांना कमी. लोक वैतागले होते. म्हणून केंद्र हातात घेताना भर बैठकीत मी बोलून बसले, की मशीनच्या आकड्याशिवाय एक थेंब घेणार नाही आणि मशीनने पाणी दाखवलं तर दूध परत, मग ते माझ्या घरचं का असेना. माझ्या जिभेला हाड नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतंच, त्या दिवशी गावालाही कळलं.

मशीनचं काम तसं सोपं. दुधात नळी बुडवायची, मशीन फॅट आणि पाणी मोजतं, आकडा वायरीने कॉम्प्युटरला जातो आणि चिठ्ठी छापून येते. मशीनवरचा स्वतःचा छोटा पडदा केव्हाच गेला होता. त्यामुळे कॉम्प्युटर बंद म्हणजे मशीन मुकं.

तर हुरड्याच्या दिवसांत एकदा सकाळचं दूध घेऊन झालं, आणि कॉम्प्युटरमधून जळका वास आला. मी बटण दाबून पाहिलं, वायरी हलवून पाहिल्या, दोन शिव्याही घातल्या. काही नाही. आमच्या ह्यांनी नगरहून कॉम्प्युटरचा दुसरा डबा आणला, दुपारी माझ्यासमोर आणून ठेवला आणि 'बघ आता तू' म्हणून टेम्पो घेऊन निघून गेले. बघ आता तू! जसं काही मला गवार निवडायला दिलीय.

आमचं डेअरीचं सॉफ्टवेअर जुनं, ते जुन्याच सिस्टीमवर चालतं. म्हणजे नव्या डब्याला फॉरमॅट मारून जुनी सिस्टीम टाकायची. पेनड्राइव्ह माझ्याकडे होता आणि तालुक्याला कॉम्प्युटरचा कोर्सही मी केलेला. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांना म्हटलं, "आत्या, आज गाईची धार तुम्ही काढा अन् किटली घेऊन तुम्हीच या. मला उठता यायचं नाही." एरवी धार माझ्याकडेच असते. त्या मान हलवून गेल्या.

पेनड्राइव्ह लावला. सिस्टीमची निळी पाटी आली, भाषा निवडा म्हणाली, आणि तिथेच कीबोर्ड मेला. माऊसही मेला. बाण पडद्याच्या मधोमध नुसता उभा. बंद करून चालू केलं, तर सुरुवातीला कीबोर्ड चालायचा आणि बरोबर त्याच पाटीवर येऊन गप्प व्हायचा. तीनदा झालं तसं. रस्त्यापलीकडे दुसरं केंद्र आहे. एका संध्याकाळी तिकडे गेलेली किटली परत वळत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पारनेरच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो जेवत होता, घास चावत चावतच बोलला. "ताई, मागच्या बाजूला बघा. खाचा कोणत्या रंगाच्या आहेत?"

"काही निळ्या, काही काळ्या."

"तुम्ही सगळं निळ्या खाचांत लावलंय ना? त्या नव्या आहेत. जुन्या सिस्टीमकडे त्यांचा ड्रायव्हर, म्हणजे ओळख पटवणारा प्रोग्रॅमच नाही, तिला त्या दिसत नाहीत. पेनड्राइव्ह, कीबोर्ड, माऊस, सगळं काळ्या खाचांत घाला."

घातलं. आणि चाललं की! भाषा निवडली, पुढची पाटी आली, फाइली उतरायला लागल्या. मी एकटीनेच टाळी वाजवली. पण सिस्टीम बसेपर्यंत बाहेर ऊन कलायला लागलं होतं.

मग मशीनची वायर लावली. ही वायर साधी नव्हे. मशीनकडच्या टोकाला जुन्या पद्धतीचा रुंद जोड, कॉम्प्युटरकडच्या टोकाला यूएसबी आणि मध्ये एक गाठीएवढं डबडं. तिलाही तिचा ड्रायव्हर लागतो. डिव्हाइसच्या यादीत तिच्या नावापुढे पिवळा त्रिकोण आला, आत उद्गारचिन्ह. मोबाईलवरून नवा ड्रायव्हर उतरवला, टाकला. त्रिकोण तसाच. काढून पुन्हा टाकला, वायर दुसऱ्या खाचेत लावली. मेला जातच नव्हता. घाईघाईत एक अक्षर दाबायचं तर मी दुसरंच दाबत होते.

पुन्हा फोन. "नवा ड्रायव्हर तुमची जुनी वायर धरणार नाही," तो म्हणाला. "मशीनबरोबर एक सीडी आली असेल. त्यातला जुनाच लागेल."

सीडी! कपाट उपसलं, मशीनचं खोकं उपसलं, देवघरामागचं फडताळसुद्धा पाहिलं. कुठेच नाही. सासरे ओट्यावर अडकित्ता घेऊन बसले होते. त्यांना मी मामा म्हणते. रडकुंडीला येऊन विचारलं, "मामा, मशीनच्या खोक्यात एक सीडी होती, चकचकीत. पाहिली का कुठं?"

"ती थाळी व्हय?" मामा शांतपणे म्हणाले. "ती मी ज्वारीत बांधली. पाखरं लई येत्यात. तिच्या चमकनं बिचकत्यात."

मला हसावं की कपाळ बडवावं तेच कळेना. आमच्याकडे कणसं भरली की शेतोशेती अशा सीड्या टांगतात. लग्नाच्या, भजनाच्या, कुणाच्या कुणाच्या. मी पदर खोचला आणि पळाले. मामा मागून ओरडत होते, "अगं, पाखरं बसतील ना! तिथं दुसरं कायतरी बांध!" ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, पानं तोंडावर सपासप लागत होती. एका सीडीवर कुणाचं तरी जावळ, दुसरी कोरी. तिसरी धुऱ्याच्या काठीला सुतळीने बांधलेली, छापील अक्षरं उन्हाने पार फिकी झालेली, पण मशीनचं चित्र ओळखू येत होतं. सुतळी सुटेना, तर दातांनी तोडली. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बाईला वारं लागलं.

नव्या डब्याला सीडीची जागाच नव्हती. जळालेल्या डब्यातला सीडी ड्राइव्ह चार स्क्रू काढून उचकटला आणि फोन कानाला लावून, कॉम्प्युटरवाला सांगेल तशा त्याच्या दोन वायरी नव्या डब्यात खोचल्या. एव्हाना दारात किटल्या वाजायला लागल्या होत्या. पलीकडचा केंद्रवाला आपल्या पायरीवर उभा राहून मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "इकडं या की, इकडं काटा चालू हाय!" दोघं-तिघं चुळबुळले. एकजण म्हणाला, "वहिनी, आजच्या दिस कालचाच आकडा टाका ना. आमचं काय म्हननं न्हाई." तेच तर मला करायचं नव्हतं. एकदा मनाने आकडा टाकला की मग मी आणि आधीचा तो, यात फरक काय राहिला?

"थांबा जरा," म्हटलं. सीडी आत घातली. घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. मी देव पाण्यात घालून बसले होते. अखेर तिच्यातल्या फाइली दिसल्या. नवा ड्रायव्हर काढून टाकला, जुन्यावर बोट ठेवलं आणि डोळे मिटले. उघडले तर त्रिकोण गेलेला. नुसतं वायरीचं नाव, साधं, बाकीच्यांसारखं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"चला," मी ओरडले, "पहिली घरची!"

आत्या रांगेच्या तोंडाशीच किटली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी झाकण काढलं. मी नळी बुडवली. सगळी रांग वाकून पडद्याकडे बघत होती, इतका वेळ ताटकळली होती बिचारी. फॅटचा आकडा आला, नेहमीपेक्षा बराच कमी. आणि पाण्याच्या रकान्यात, जिथे आमच्या घरचं रोज शून्य असतं, तिथे शून्य नव्हतं.

मी पुन्हा नळी धुतली, पुन्हा बुडवली. तेच.

"काय आलं गं?" आत्यांनी विचारलं. त्यांना वाचता येत नाही.

मागून कुणीतरी समजुतीने म्हणालं, "किटली धुतल्याचं पानी राह्यलं आसंल." दुसरा म्हणाला, "आत्ताच जोडलंय वहिनी, मशीनच चुकलं आसंल. ऱ्हाऊ द्या." मला तेवढं पुरे होतं. 'हो, मशीनच' म्हटलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. पण पुढे रोज कुणाच्याही किटलीत पाणी निघालं की तोही हेच म्हणाला असता.

"आत्या," मी म्हटलं, "पाणी दाखवतंय. घेता येत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. झाकण लावायला गेल्या, ते दोनदा घसरलं. मी पुढे होऊन लावून द्यायला हवं होतं, पण पाय उचललाच नाही. दुपारभर गाईकडे कुणी फिरकलं नव्हतं. धारेला हात माझा नव्हता, गाईने दूध चोरलं असेल, सोडलंच नसेल पुरतं. आणि रोज सगळ्या गावापुढे जाणारी पहिली किटली आज अर्धी कशी न्यायची, असं त्यांच्या मनात आलं असेल. मी त्यांना कधी विचारलं नाही. किटली उचलून त्या रांगेच्या कडेकडेने गेल्या, आणि लोक बाजूला होत त्यांना वाट देत होते. ते मला बघवेना.

पुढच्या माणसाने आपली किटली ठेवली. दुपारपासून मी मशीन चालू दे म्हणून देवाला साकडं घालत होते, आणि आता नळी बुडवताना मनात एकच चाललं होतं. देवा, याच्यातही पाणी निघू दे. जुना ड्रायव्हर चुकीचा असू दे, वायर खोटी असू दे, सगळंच पुन्हा बंद पडू दे.

पाण्याच्या रकान्यात शून्य आलं. मी ते मोठ्याने वाचलं.