एकोणिसाव्या प्रकरणात मारलेली माणसं

माझ्या नावावर तीन पुस्तकं आहेत आणि त्यांतलं एकही माझं नाही. एका मोबाइलवरच्या अंतराळयुद्धाच्या खेळावर बेतलेल्या इंग्रजी कादंबऱ्या मी लिहितो. खेळ कंपनीचा, नायक कंपनीचा, नायकाच्या गालावरचा व्रणसुद्धा कंपनीचा. मुखपृष्ठावर खेळाचं नाव हातभर आणि माझं तळाशी, मुंगीएवढं.

माझं म्हणावं असं एकच होतं. मराठीत लिहीत असलेली एक विज्ञान कादंबरी. ती मी माझ्या हातानं घालवली.

मी मूळचा साताऱ्याकडचा. इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात ब्रेकचे सुटे भाग तपासायची नोकरी लागली म्हणून चेन्नईत आलो आणि अंबत्तूरला एका घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. खाली घरमालक राहायचे, अजून राहतात. ऐंशीच्या घरातले, एकटे, घराणं तंजावरचं मराठी. मी त्यांना काका म्हणतो. त्यांची मराठी ऐकून सुरुवातीला मी हसू दाबायचो. शब्द बखरीतले, हेल तमिळ आणि दर दोन वाक्यांनी 'सरी, सरी', म्हणजे 'बरं, बरं'. माझी मराठी ऐकून ते मात्र उघड हसायचे. कारखान्याच्या बसमधून उतरून मी फाटक ढकललं की ओसरीवरून विचारायचे, "जेवलात का?" संध्याकाळचे सहा वाजलेले असोत, प्रश्न तोच.

कादंबरी त्या प्रश्नातूनच सुचली. शेकडो वर्षांपूर्वी पृथ्वीवरून गेलेली माणसं एका दूरच्या ग्रहावर आपली जुनी बोली धरून राहिली आहेत. एक दिवस पृथ्वीचं यान येतं. वस्ती हरखून पहिला निरोप पाठवते, "जेवलात का?" आणि यानातल्या लोकांना त्यातलं अक्षर कळत नाही. हा धोक्याचा इशारा आहे, असं त्यांना वाटतं. इथवर लिहून झालं होतं. पुढे त्या माणसांचं काय करायचं, ते ठरत नव्हतं.

काकांना देवनागरी वाचता येत नाही, शाळा सगळी तमिळमध्ये झालेली. म्हणून दर रविवारी सकाळी मी खाली जाऊन त्यांना नवीन पानं वाचून दाखवायचो. ते कॉफी करायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच थांबवून सांगायचे, "ही बाई असं म्हणणार नाही." त्यांचं बरोबर असायचं. त्यांच्याइतकं मन लावून माझं कुणीच ऐकलेलं नाही, घरच्यांनीही नाही.

लिहून झालेला भाग मी प्रकाशकांना पाठवला, पण सगळ्यांनी तो परत केला. विज्ञान कादंबरी चालत नाही म्हणे. त्याच सुमारास माझी एक इंग्रजी कथा वाचून खेळाच्या कंपनीतल्या संपादक बाईंनी विचारलं, आमच्यासाठी लिहाल का? छापलेल्या पुस्तकावर नाव येणार म्हटल्यावर मी करार नीट न वाचताच सही केली. बसमध्ये मांडीवर लॅपटॉप ठेवून दोन कादंबऱ्या रेटल्या.

या कामाचा एक मोठा नियम आहे. तुम्ही काहीही घडवा, शेवटच्या पानावर खेळाचं जग पहिल्या पानावर होतं तसंच राहिलं पाहिजे. नायक मरायचा नाही, बदलायचा नाही. तुम्ही नवीन काही आणलं असेल, तर ते पुस्तकातच संपवायचं.

तिसऱ्या पुस्तकाला कंपनीनं सहा आठवडे दिले आणि माझं डोकं रिकामं. तेव्हा मी शेण खाल्लं. माझी वस्ती उचलली आणि खेळाच्या जगात नेऊन ठेवली. मी स्वतःला पटवलं ते असं: नियमाप्रमाणे ती शेवटी नष्टच करायची आहे. म्हणजे कंपनीकडे काही उरणार नाही, आणि माझी माणसं माझ्या वहीत जिवंतच राहतील. एकोणिसाव्या प्रकरणात मी वस्ती जाळली. शेवटचा निरोप म्हणून "जेवलात का?" तेवढं मराठीत ठेवलं होतं. संपादक बाईंनी समासात लिहिलं, वाचकांना कळणार नाही, इथे नुसती खरखर ऐकू येऊ दे. मी ती खरखर लिहून दिली.

त्यानंतर काही महिन्यांनी पुण्याच्या एका प्रकाशकाचं पत्र आलं. जुनं अर्धवट हस्तलिखित त्यांनी पुन्हा वाचलं होतं, शेवट लिहून दिला की छापायचं होतं. फक्त एका कागदावर सही हवी होती, की यातलं सगळं माझं आहे. मी संपादक बाईंना विचारलं. त्यांनी करारातलं कलम पाठवलं. पुस्तकात आलेलं सगळं कंपनीचं, त्यात जगलेलं आणि मेलेलं असा फरक नाही. मी पुण्याला नकार कळवला. कारणही सांगितलं नाही, इतकी लाज वाटत होती.

काकांना सांगणं भाग होतं, ते शेवटाची वाट पाहत होते. रविवारी रिकाम्या हातानं खाली गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी मिटलेले डोळे उघडले.

"म्हणजे ती माणसं मेली?"

"हो."

"कुणी मारली?"

"मी."

"सरी," ते म्हणाले आणि कॉफी आणायला आत गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

चौथ्या पुस्तकाचं काम आता चालू आहे. माझी वही कपाटात आहे. उघडून बघितली, पण त्या माणसांच्या तोंडी आता एकही वाक्य घालता येत नाही. रविवारी मी खाली जात नाही. ओसरीवर कपबशांचा आवाज होतो, दोन कपांचा. मग काका जिन्याशी येऊन हाक मारतात, "जेवलात का?" मी पंखा बंद करतो, म्हणजे घरी कुणी नाही असं वाटावं, आणि त्यांची पावलं परत जाईपर्यंत घामेजून खुर्चीत बसून राहतो.